तळाची फळी

वखारीत येणारी गिऱ्हाइकं लाकडावर टिचकी मारतात, वास घेतात आणि मग मालकाच्या तोंडाकडे बघतात. सुजय खिशातून यंत्र काढायचा. मोबाइलएवढंच, पण डोक्यावर दोन सुया. त्या फळीत रुतवल्या की लाकडात किती टक्के पाणी आहे ते आकड्यात दिसायचं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची मापनयंत्रं तपासून देणं हा त्याचा बावीस वर्षांचा धंदा. भट्टीचा तापमापक, हवेच्या दाबाचा काटा, वजनकाटा, यातलं कुठलं खरं बोलतंय आणि कुठलं थापा मारतंय हे सांगण्यावर त्याचं घर चालत होतं. त्याचा त्याला थोडा तोराही होता.

"सतरा," तो म्हणाला. "ओली आहे. बारा-तेरा पाहिजे."

"श्रावणात बारा?" निलेश सुतार हसला. "दादा, श्रावणात आमच्या घरचा पापडपण सतराच्या खाली येत नाय."

निलेशचं दुकान वखारीला लागूनच होतं. सुजयला एक पेटी करायची होती, स्वतःच्या हाताने, आणि निलेशने फक्त फळ्या कापून रंधून द्यायच्या होत्या. पेटी सिगार ठेवण्यासाठी. हे ऐकून निलेशने पहिल्या दिवशी भुवया वर केल्या होत्या, कारण सुजय साधी सुपारीही खात नसे. सिगार त्याच्या वडिलांचे होते. आप्पा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, शेवटची अकरा सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांचा जुना कॅप्टन वारला तेव्हा त्याच्या मुलीने वीस सिगारांचं पुडकं मालगुंडला पाठवलं. आप्पा दर रविवारी माशांचं जेवण झालं की एक पेटवायचे, तीन झुरके घ्यायचे आणि विझवून ठेवायचे. डॉक्टरांशी त्यांनी तीन झुरक्यांवर तडजोड केली होती. डॉक्टरांना ती ठाऊक नव्हती.

पण समुद्रावरून येणारी हवा पावसाळ्यात ब्याण्णव टक्के ओली. आठ दिवसांत दोन सिगारांवर पांढरी बुरशी धरली. सिगारला लागते पासष्ट ते सत्तर. त्याच्या वर बुरशी, खाली चुरा. सुजयने हे सगळं वाचून काढलं आणि मग लाकडाच्या मागे लागला. साग बाद, त्याचा तेलकट वास तंबाखूत उतरतो. देवदार तर अगरबत्तीच्या कपाटासारखा घमघमतो. फणसाचा पिवळा रंग निलेशला फार आवडायचा, पण तो ओल्या हाताला लागतो. शेवटी बाहेरून शिवणीचं लाकूड ठरलं, कारण ते फुगत नाही की चिरत नाही. आतल्या अस्तराला तूण. परदेशात सिगारच्या पेट्या ज्या झाडाच्या करतात त्याचीच ही लांबची चुलत बहीण, गुलाबी आणि मंद वासाची. आत पॉलिश नाही, बिजागऱ्या पितळी, कारण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड वर्ष काढत नाही.

"तळाला आंबा मारू ना," निलेश म्हणाला. "दिसणार नाय, स्वस्तात पडंल."

"आंबा नको."

हे इतकं तुटकपणे आलं की निलेशने रंधा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. सुजयने विषय बदलला. तळाची शिवणीची फळी जराशी वाकली होती, ती पुन्हा रंधायला त्याने तिथेच ठेवली आणि बाकीच्या फळ्या मोटारसायकलला बांधून तो आरे-वाऱ्याच्या रस्त्याने घरी निघाला.

आंबा नको म्हणायला कारण होतं आणि ते त्याच्या छातीवर वर्षभर बसून होतं. गेल्या जुलैत आप्पांना न्यूमोनिया झाला. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आणलं. दुपारी श्वास इतका विरळ झाला की सुजय प्रत्येक श्वास घड्याळावर मोजत होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि अंगणात भावकी जमली होती. त्यांच्या वाडीत प्रत्येक घरामागे एक रायवळ आंबा राखलेला असतो, घरातलं मोठं माणूस गेलं की तो तोडायचा, त्याच्याच लाकडावर त्या माणसाला अग्नी द्यायचा. पण माणूस गेल्यावर. चुलत काका रावजी सुजयला बाजूला घेऊन म्हणाले, "पाऊस बगतोस ना? उद्या सकाळी तोडून, फोडून, कधी पेटणार? आज तोडू, गोठ्यात टाकू, रातभर निथळंल." सुजय तीन रात्री झोपला नव्हता. तो मागच्या अंगणात गेला, खोडावर हात ठेवला, म्हणाला, "तोडा." पहिला घाव मुलाने घालायचा असतो. तोही त्याने घातला.

पहाटे आप्पांनी डोळे उघडले आणि पेज मागितली.

आठवड्याने ते काठी टेकत मागच्या दारी आले. जिथे साठ वर्षांचं झाड होतं तिथे आभाळ होतं. "आंबा खय गेला?" त्यांनी विचारलं. "वादळात पडला, आप्पा," सुजय म्हणाला. आप्पांनी मान हलवली. मयतासाठी तोडलेलं लाकूड चुलीत घालत नाहीत, विकत नाहीत, म्हणून ते तेव्हापासून रिकाम्या गोठ्यात रचून पडलं होतं. सुजयने त्या बाजूला जाणंच सोडलं. बाप जिवंत असताना आपण त्याच्या सरणाला हो म्हटलं, ही गोष्ट त्याने बायकोजवळही कधी उच्चारली नाही.

पेटी म्हणजे त्याची भरपाई होती. हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो प्रत्येक सांध्यावर एवढा जीव काढत होता.

चार दिवस तो कामावरून आल्यावर पडवीत बसून पेटी जोडत होता. पाचव्या दिवशी आला तर पेटीला तळ बसलेला, खालून हिरवं फेल्टचं कापडही चिकटवलेलं. "मी बसवला," आप्पा म्हणाले. "हात शिवशिवत व्हते." जहाजावर सुतारकामही केलेला माणूस, काम चोख होतं. निलेशने फळी कुणाबरोबर तरी पाठवली असणार, असं सुजयने धरून चाललं. बावीस वर्षांत त्याने न तपासता काही धरून चालल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

झाकण सोडलं की ते आतल्या हवेवर तरंगत, उसासा टाकल्यासारखं बसायचं. सुजयला त्याचा केवढा आनंद झाला. पेटीत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक त्याने आधी मिठाने तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चार थेंब पाणी, आणि यंत्रासकट ते बंद पिशवीत ठेवायचं. खरं यंत्र आठ तासांनी बरोबर पंचाहत्तर दाखवतं. याने पंचाहत्तर दाखवलं. मग त्याने आतलं लाकूड ओल्या फडक्याने पुसलं, पाणी धरून ठेवणारी स्पंजची बारकी वडी भिजवून ठेवली, सिगार मांडले. आप्पांना पेटी आपल्या उशाशी हवी होती. "थोडे दिवस नोंदी घेतो," सुजय म्हणाला, आणि ती स्वतःच्या पलंगाजवळच्या फळीवर ठेवली.

पहिले तीन दिवस अडुसष्ट.

चौथ्या दिवशी एकसष्ट. पाचव्या दिवशी चोपन्न. नवीन लाकूड पाणी पितं, हे त्याने वाचलेलं होतं. त्याने वडी पुन्हा भिजवली. संध्याकाळी आला तेव्हा वडी खडखडीत वाळली होती आणि आकडा होता शेहेचाळीस. खिडकीबाहेर पागोळ्यांची एकसंध चादर लागली होती.

यंत्र थापा मारतंय, दुसरं काय. त्याने ते पुन्हा मिठात घातलं. पंचाहत्तर. कारखान्यातून दुसरं आणलं, भारी. तेही पंचाहत्तर. दोन्ही पेटीत ठेवली. दोन्ही एकोणचाळीस.

त्या आठवड्यात त्याची बायको राजश्री भलतीच खुशीत होती. "अहो, मीठ बघा," ती म्हणाली. बरणीतलं मीठ, जे जूनपासून दिवाळीपर्यंत चमच्याने खणून काढावं लागायचं, ते वाळूसारखं सुळकन ओघळलं. काडीपेटी पहिल्या काडीला पेटत होती. खोलीत दोरीवर टाकलेले सुजयचे शर्ट तासाभरात कडक व्हायचे. "माझ्या साड्या मात्र तशाच आंबतात," ती हसत म्हणाली. "तुमच्या कपड्यांवर कुणाची मेहेरनजर?"

सुजय हसला नाही. त्याचे ओठ फुटले होते, हसताना रक्त यायचं. रात्री तीन-तीन वेळा उठून तो तांब्याभर पाणी प्यायचा आणि तरी जीभ टाळ्याला चिकटायची. साखर तपासून घेतली, ती व्यवस्थित निघाली. आप्पा मात्र टुणटुणीत होते. रविवारी त्यांनी दोन बांगडे जास्त खाल्ले आणि सिगारसाठी हात पुढे केला. सुजयने उचललेला सिगार त्याच्या बोटांत कुरकुरला आणि पान सुटून टेबलावर भुगा पडला.

आकडा होता बावीस.

एवढा कोरडेपणा त्याने फक्त रंगाच्या कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी मोजला होता. त्याला धड बसवेना. कामावर असताना पेटीचा विचार, घरी आल्यावर पेटीसमोर. पेटी खोलीबाहेर ठेवून बघितली, पडवीत, अगदी पागोळ्यांखाली. फेल्टसुद्धा भिजलं नाही.

सोमवारी दुपारी तो निलेशकडे गेला. लाकडात काहीतरी दोष आहे, शिवणीची दुसरी फळी दे, म्हणाला.

"दुसरी कशाला? पयली तर न्या," निलेश म्हणाला आणि कोपऱ्यातून एक रंधलेली फळी काढून त्याच्यापुढे धरली. "तळाची. पंधरा दिवस झाले, तुम्ही विसरलात म्हणून जपून ठेवली."

सुजयने ती हातात घेतली. त्याच्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: तळ.

घरी पोहोचेपर्यंत चार वाजले होते. त्याने पेटी रिकामी केली, उलटी केली आणि फेल्ट ओरबाडून काढलं. खाली राखाडी, रुंद रेषांची फळी होती. आंबा. तोडलेल्या आंब्याला वर्षाच्या आत भुंगा लागून पीठ व्हायला लागतं, हे शेंबडं पोरही सांगेल. या फळीला एक भोक नव्हतं. त्याने सुया रुतवल्या. यंत्र सहाच्या खाली मोजत नाही. पडद्यावर नुसती आडवी रेघ आली.

आप्पा पडवीत बाकावर बसून दोरीला गाठी मारत होते. सुजयने पेटी त्यांच्यापुढे पालथी ठेवली.

"ही फळी कुठली, आप्पा?"

"तुला ठाव नाय?"

"वादळात..." सुजय म्हणाला.

"वादळ कुऱ्हाड घेऊन येत नाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "डोळे मिटलले, पन कान उघडे व्हते. सगळं ऐकलं मी. बावीस घाव." सुजयच्या डोळ्यांना धार लागायला हवी होती, पण डोळे नुसते चुरचुरत राहिले. आप्पांनी त्याचं मनगट धरलं. "रागावलो नाय रे. भावकी दारात, वर पाऊस. तू तरी काय करनार व्हतास? मीपन माज्या बापाच्या वेळी घाईच केलली."

"मग हे लाकूड पेटीत कशाला घातलंत?"

"माज्यासाठी तोडलेलं झाड. वरीसभर गोठ्यात एकटं वाट बगतंय. ज्याचं त्याच्याजवळ असलेलं बरं. म्हटलं उशाशी ठेवू, त्याला कळंल की मानूस हितंच हाय, येनारच हाय. उगाच दुसरीकडं बगाया नको." ते हसले आणि मग त्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. "व्हट कशानं फुटले तुजे?"

"हवेने."

"श्रावनात?"

आप्पांनी त्याचा हात उलटा करून तळवा पाहिला. कातडीला बारीक चिरा गेल्या होत्या.

"पयला घाव घातलास, तेव्हा खोडावर हात ठेवललास ना? नाव सांगितलंस ना त्याला?"

"कसलं नाव?"

"कुनासाठी तोडतोस ते. रावजीनं सांगितलं असंल."

रावजींनी सांगितलं होतं. ते आता त्याला शब्दन् शब्द आठवलं. हात लाव आनि मोठ्यानं नाव घे. आत बाप श्वास घेत असताना झाडाला त्याचं नाव सांगायचं, हे त्याला रानटी वाटलं होतं, आणि लाजही वाटली होती. त्याने नुसता हात ठेवला होता आणि "तोडा" म्हटलं होतं.

"नाही घेतलं," तो म्हणाला.

आप्पांच्या बोटांतली दोरी सुटली.

"मग त्यानं कुनाला धरलं असंल?" ते पुटपुटले. "हात तर तुजा व्हता."

"आप्पा, हा सगळा खुळेपणा आहे."

"हाय ना? मग घ्यायला काय जातंय तुजं?" ते काठी न घेता उभे राहिले. "जा. आत्ता जा. हात ठेव आनि माजं नाव घे. धोंडू सखाराम, पुरं घे. मी एक्याऐंशीचा हाय सुजय, मला कसली घाई नाय नि भ्याव पन नाय. जा बाबा."

ते हात जोडत होते. बापाने हात जोडलेले सुजयला बघवेनात. तो मागच्या दाराने बाहेर पडला. पाऊस असा होता की चाळीस पावलांवरचा गोठा दिसत नव्हता.

गोठ्याचं दार त्याने वर्षभरात प्रथमच उघडलं. आत शेवाळ नव्हतं. वास नव्हता. पावलांखालून धूळ उडाली.

ओंडके छातीएवढे रचलेले होते. कौलांतून चार ठिकाणी पाणी गळत होतं, आणि त्या धारा वरून येताना दिसत होत्या. खाली लागत नव्हत्या.

त्याने वरच्या ओंडक्यावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं.

"धों..." तो म्हणाला.

यंत्रं खरी होती. तिन्ही. दोन तर मिठाने तपासलेली. आणि यंत्रं खरी असतील तर नाव घेतल्यावर काय होईल, तेही खरं होतं. आप्पा पडवीत उभे असतील, काठीशिवाय. रविवारी आणखी दोन बांगडे खातील. पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्या. एकदा त्याने त्यांना सरणाला द्यायला हो म्हटलं होतं.

त्याने ओठ मिटले. हात काढला तेव्हा तळव्याची कातडी लाकडाला थोडी चिकटून सुटली.

अंगण ओलांडून तो हळूहळू परत आला. पावसाच्या माऱ्याने समोरचं काही दिसत नव्हतं. पन्हळीखालची बादली भरून वाहत होती.

आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्याची वाट बघत होते.

"घेतलंस?"

"घेतलं."

"पुरं?"

"पुरं, आप्पा. धोंडू सखाराम."

आप्पांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. ते एकदम थकलेले आणि सुखी दिसले. "आता ती पेटी माज्या उशाशी आनून ठेव," ते म्हणाले, आणि भिंतीला धरत आपल्या खोलीकडे गेले.

"अहो, छत्रीपण न घेता!" राजश्री आतून टॉवेल घेऊन धावत आली. "एवढ्या पावसात काय काढलंत गोठ्यात?" तिने टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली.

मग तिचे हात मंदावले. तिने टॉवेल बाजूला करून त्याच्या केसांत बोटं घातली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाठीवर ठेवला. शर्ट इस्त्री केल्यासारखा कडक होता.

ती त्याच्या मागे, उघड्या दाराकडे बघत होती. सुजयनेही वळून पाहिलं. उंबऱ्यापासून त्याच्या पायांपर्यंत फरशीवर एकही ओलं पाऊल उमटलं नव्हतं.